अडसर : शेवटची आवृत्ती

गुरुवार. पाणी बंद.
बालाजीनगरात दुसऱ्या मजल्यावर
बादल्या भरून ठेवल्यात आणि बसलोय
'अडसर'ची शेवटची आवृत्ती बांधायला.

एकोणीस वर्षं झाली.
शकील आणि मी, धनकवडीत कॉट बेसिसवर,
दोघांत मिळून एक संगणक,
आणि एकच हट्ट, की घरमालकाच्या पोराला
आपल्या फायली वाचता येऊ नयेत.
एवढ्यासाठी लिहिलं. खरंच एवढ्यासाठी.
नाव शकीलचं. मंगळवेढ्याला त्याच्या काकाच्या गोदामाला
आतून भिंतीत सरकणारा बाभळीचा दांडा होता.

फुकट वाटलं. बघा, उसवा, बदला, पुढे द्या.
लोकांनी आत काय काय ठेवलं ते कधीच कळलं नाही,
तोच तर मुद्दा होता.
पत्रं यायची.
येरवड्याची एक समुपदेशक, बायकांचे जबाब टिपणारी,
रोज संध्याकाळी अडसर लावून मगच घरी जायची.
तळेगावच्या एका निवृत्त सर्व्हेअरने
स्वतःच्या कविता बंद केल्या आणि पासवर्ड विसरला.
"तुमच्याकडे दुसरी किल्ली असेलच."
नाही हो काका. असती तर अडसर कशाला म्हटलं असतं?
त्यांचं उलट उत्तर :
"बरं. फार चांगल्या नव्हत्याच."

पासवर्डला आम्ही हजार वेढे द्यायचो.
हजार! तेव्हा केवढे वाटायचे.
आता पोरं ज्यावर गाड्या पळवतात
त्या खेळाच्या कार्डाला
ते शिंक येऊन जाईपर्यंतचं काम.
आणि ताथवड्याच्या कॉलेजातल्या रेवा खंडागळेने
अकरा ओळींत दाखवून दिलं
की आतला मजकूर कुणी हलवला
तरी अडसर हूं की चूं करत नाही.
खाली लिहिलं होतं, "सर, राग मानू नका."
राग कसला.
त्या अकरा ओळी चालवून पाहिल्या.
चहा गार झाला तो तसाच प्यायलो.

नव्याने लिहावं? तिशीत असतो तर लिहिलंही असतं.
शकील आता इंदापूरला सौरपंप विकतो.
फोन केला. म्हणाला, "अजून आहे ते?"
मग गप्प. मग, "किती लोक वापरतात?"
म्हटलं, माहीत नाही.
मोजायची सोय आपणच ठेवली नव्हती.

तर शेवटची आवृत्ती अशी :
उघडण्याचं सगळं ठेवलं.
लावण्याचं काढून टाकलं, चारशे बारा ओळी,
त्यातल्या काही शकीलच्या,
स्वल्पविरामाआधी जागा सोडायची त्याची ती खोड.
आता कुणी नवी फाईल पुढे केली
तर पडद्यावर एक वाक्य येईल.
तीन दिवस त्यावर घातले.
"मी थकलो आहे. जुनं सगळं आजच बाहेर काढा,
दुसऱ्या भक्कम दाराआड हलवा."
पहिले तीन शब्द नंतर खोडले.
अवजाराने रडगाणं गाऊ नये.

एक फाईल राहिली. पहिलीच,
शकीलने चाचणीसाठी बंद केलेली.
"मेसच्या भाजीवरून काहीतरी होता," एवढंच त्याला आठवतं.
शेपू. दुधी. पडवळ. मटकी, मग मटकी२.
दोन्हीकडून हसत
मेसचा अख्खा आठवडा आम्ही पुन्हा जेवलो.
नाही उघडली.
म्हटलं, भाच्याचं कार्ड मागतो,
रात्रभरात फुटेल.
पलीकडे ट्रकमधून पाईप उतरवल्याचा आवाज येत होता.
"राहू दे," शकील म्हणाला,
"एका तरी दाराला बसू दे त्याला."

सही केली. पाठवली.
रेवाला दोन ओळी लिहिल्या, आभाराच्या.
नळ सोडून पाहिला, नुसती हवा.
एक बादली अजून शिल्लक होती.